माइल्सवरच्या फुकट तिकिटाचा मुहूर्त

विमान कंपन्यांच्या माइल्सवर, म्हणजे प्रवास करून किंवा कार्ड वापरून साठवलेल्या बक्षिसाच्या गुणांवर, तिकीट काढायचंय? अभिनंदन! मग मुहूर्त लिहून घ्या. ब्रिटिश एअरवेज ३५५ दिवस आधी जागा खुल्या करते, युनायटेड ३३७, अमेरिकन ३३१. तेव्हा पुढच्या वर्षीची रजा साहेबांकडून आजच मंजूर करून घ्या आणि मुलांच्या शाळेलाही परीक्षेच्या तारखा आत्ताच ठरवायला सांगा. परतीच्या तारखेचं बुकिंग अर्थातच अजून उघडलेलं नसेल. जायचं तिकीट तर काढा, यायचं बघू.

हा मुहूर्त हुकला तर दुसरा आहे: निघण्याआधीचे शेवटचे दोन आठवडे. विकल्या न गेलेल्या जागा कंपन्या बऱ्याचदा तेव्हा सोडतात. व्हिसा तयार ठेवा, बॅग भरून ठेवा, हॉटेल मात्र ठरवू नका. आणि घरात चौघं असाल तर त्यातले कुठले दोघं जाणार, हेही आधीच ठरवा.

मधल्या महिन्यांत काय करायचं? माइल्स मोजायचे.

कुठल्या तिकिटाला किती माइल्स, याचं दरपत्रक मागू नका. डेल्टाने ते २०१५ साली काढून टाकलं, युनायटेडने २०१९ साली. भाव रोज नवा. आश्चर्याचा आनंद वेगळाच असतो.

‘फुकट’ तिकिटावरचा सरचार्ज बघताना बसून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माइल्स देणाऱ्या कंपनीच्या साइटवर तिच्या भागीदार विमान कंपनीची सीट दिसली रे दिसली की क्रेडिट कार्डाचे पॉइंट लगेच माइल्सच्या खात्यात वळवा. एकदा गेले की ते सहसा परत येत नाहीत, ही त्यातली खरी मजा. मी परवाच घेतली. पॉइंट पोचले, प्रवाशांची नावं भरली, पासपोर्टचे नंबर भरले, शेवटचं बटण दाबलं आणि उत्तर आलं, ‘ही सीट उपलब्ध नाही’. मागे जाऊन पाहिलं तर सीट जागच्या जागी! पुन्हा सगळं भरलं, पुन्हा तेच. माइल्सच्या कंपनीला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवून बाई म्हणाल्या, “आम्हाला दिसतेय सर, पण देता येत नाही. ज्यांचं विमान आहे त्यांना विचारा.” त्यांना विचारलं, तर ते म्हणे, “ज्यांचे माइल्स आहेत त्यांना विचारा.” दोघंही अतिशय नम्र. पॉइंट तेवढे माइल्सच्या कंपनीच्या खात्यात अडकलेले, आणि त्यांना मुदत लागलेली.

अहो विमान कंपन्यांनो, नसलेली सीट दाखवताच कशाला? तुमची दोन कॉम्प्युटरं एकमेकांशी बोलत नाहीत, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा? कार्ड विकताना बिझनेस क्लासमध्ये पाय पसरलेल्या माणसाचा फोटो छापता, तेव्हा त्या विमानात माइल्सवाल्यांसाठी किती खुर्च्या आहेत तेही छापा. ब्रिटिश एअरवेज आपल्या विमानांत किमान किती जागा देणार ते जाहीर करते, म्हणजे आकडा सांगता येतो. तुम्हाला सांगायचा नसतो, एवढंच. आणि तुमच्या चुकीने तिकीट निघालं नसेल, तर घेतलेले पॉइंट मुकाट्याने परत करा.