काकडीच्या दोन वाट्या आणि एपी बायो

एप्रिल संपत आला की माझा फोन थांबत नाही. फोन करणाऱ्या बहुतेक आया ओळखीच्याच, इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपासच्या. "ताई, एपी बायोची परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. चार-पाच सेशन्समध्ये सगळे युनिट्स एकदा पोरीच्या नजरेखालून घालाल का?" यंदा मी तिघींना नाही म्हटलं. त्यातली एक रागावली. तिचा राग मला कळतो, आणि फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी सांगलीची. बॉटनीत एमएस्सी केलं, चार वर्षं ज्युनियर कॉलेजमध्ये अकरावी-बारावीला शिकवलं, मग लग्न होऊन न्यू जर्सीला आले. गेली अकरा वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलं एपी बायॉलॉजी शिकायला येतात. एका वर्षी चारपेक्षा जास्त मुलं मी घेत नाही.

भारतातल्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. एपी म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच घेतलेला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय. परीक्षा कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते, मे महिन्यात. तीन तासांचा पेपर. पहिल्या दीड तासात ६० बहुपर्यायी प्रश्न आणि उरलेल्या दीड तासात ६ लेखी प्रश्न, ज्यांना मुलं एफआरक्यू म्हणतात. दोन्ही भागांना निम्मं निम्मं वजन. स्कोअर १ ते ५. २०२५ पासून प्रश्न स्क्रीनवर येतात, पण लेखी उत्तरं अजून पेनानंच लिहायची असतात. सूत्रांचा कागद बोर्डच हातात देतं आणि कॅल्क्युलेटरही चालतो.

सूत्रं हातात देऊन, कॅल्क्युलेटर देऊन ही परीक्षा नक्की काय तपासते, हे कळायला मला एका मुलाचं वर्ष वाया घालवावं लागलं.

तो माझा पहिला विद्यार्थी. हुशार, शब्दाला जागणारा. मी त्याला माझ्या पद्धतीनं शिकवलं, म्हणजे जशी मी शिकले होते तशी. क्रेब्स सायकलच्या, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या प्रक्रियेतल्या एका चक्राच्या, पायऱ्या ओळीनं, एन्झाइम्सच्या नावांसकट. रंगीत पेन्सिलींनी आकृत्या, प्रत्येक भागाला नाव. दर शनिवारी दोन तास मी बोलायची आणि तो मान डोलवायचा. सगळे चॅप्टर दोनदा झाले. त्याला स्कोअर आला २. त्याच्या आईनं मला एका शब्दानंही दुखावलं नाही, उलट पेढे घेऊन आल्या. ते पेढे माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी बोर्डाचा अभ्यासक्रम पहिल्या पानापासून वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की क्रेब्स सायकलच्या पायऱ्या, मधल्या रेणूंच्या रचना आणि एन्झाइम्सची नावं पाठ असणं परीक्षेत अपेक्षित नाही. बोर्डानं २०१२-१३ च्या शैक्षणिक वर्षापासून हा विषयच नव्यानं बांधला होता. घोकंपट्टी कमी केली आणि प्रयोग, आलेख, आकडे, तर्क यांवर भर दिला. मी जे महिनोन्महिने घोटवून घेतलं होतं, ते कुणी विचारणारच नव्हतं.

ग्लुकोजमधली ऊर्जा टप्प्याटप्प्यानं का काढली जाते, पेशीनं ती एकदम का काढू नये, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून प्रोटॉन गळायला लागले तर एटीपीचं, म्हणजे पेशी ज्या रेणूत ऊर्जा साठवते त्याचं, आणि उष्णतेचं काय होईल, हे विचारतात. पाठ असलेला मुलगा तिथे थबकतो, कारण हा प्रश्न त्यानं आधी कुठेच पाहिलेला नसतो. पाहिलेला नसावा, हाच प्रश्न काढणाऱ्यांचा हेतू असतो.

आपल्याकडेही 'शास्त्रीय कारणे द्या' हा प्रश्न होताच की. मला तो फार आवडायचा. पण त्याची कारणं गाइडात छापून यायची आणि आम्ही ती पाठ करायचो. कारण शोधायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही, आणि हे दुःख मी आजही मनात बाळगते.

आता काकडीची गोष्ट. मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे.

फेब्रुवारीतला शनिवार. यंदाची माझी एक विद्यार्थिनी, अकरावीतली, टेबलाशी बसून प्रयोगाच्या आखणीवरचा एफआरक्यू सोडवत होती. 'कंट्रोल ग्रुप ओळखा आणि तो का हवा ते सांगा' याचं उत्तर तिनं लिहिलं होतं, 'जो ग्रुप नॉर्मल ठेवतात तो.' मी शेजारी कोशिंबिरीला काकडी चोचवत होते. मीठ घालून ठेवलेल्या वाटीत पाणी सुटलं होतं. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "काकू, बघा ना, ऑस्मोसिस! मिठानं पाणी ओढलं."

"कशावरून मिठानं?" मी विचारलं.

"दिसतंय ना."

यापुढे मी काहीच बोलले नाही. हे लिहायला सोपं आहे. शिक्षकाच्या तोंडात उत्तर तयार असतं आणि समोर पोर अडकलेलं दिसतं, तेव्हा गप्प राहणं फार जड जातं. मी काकडी चोचवत राहिले. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग ती हळूच म्हणाली, "पण तुम्ही चोचवलीय. पेशी तशाही फुटल्याच असतील. मीठ नसतं तरी थोडं पाणी आलंच असतं ना?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "मला बिनमिठाची वाटी हवी."

ती बिनमिठाची वाटी म्हणजे कंट्रोल. तिला व्याख्या सांगावी लागली नाही.

मग वजनकाटा निघाला. एकाच काकडीचे सारखे तुकडे, दोन्ही वाट्यांत शंभर-शंभर ग्रॅम, एकीत अर्धा चमचा मीठ, दुसरी तशीच. वीस मिनिटं थांबायचं, गाळणीतून निथळायचं, पाणी चमच्यानं मोजायचं. मीठवाल्या वाटीतून चार चमचे निघालं, दुसरीतून एक चमचाही भरला नाही. "एकदाच करून चालेल का?" हे तिनं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फ्रिजमधून पुढची काकडी काढली. तीनदा केलं. घरातली काकडी संपली, त्या रात्री आम्ही कोशिंबिरीशिवाय जेवलो.

त्यानंतर तिनं कागदावर जे लिहिलं ते असं: मीठ घातल्यानं सुटणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात फरक पडत नाही, हे नल हायपॉथिसिस, म्हणजे प्रयोगानं खोडता येतं का ते बघायचं गृहीतक. काय बदललं, काय मोजलं, काय सारखं ठेवलं, सगळं ओळीनं. आणि 'मिठानं ओढलं' हे वाक्य तिनं स्वतः खोडलं. मीठ कुणाला ओढत नाही. मिठामुळे बाहेरचं वॉटर पोटेन्शिअल, म्हणजे पाण्याची तिथून दुसरीकडे जाण्याची क्षमता, खाली जातं आणि पाणी जास्त पोटेन्शिअलकडून कमीकडे जातं. 'ओढलं' आणि 'जातं' यांत परीक्षेतला एक अख्खा गुण असतो. समजुतीत तर त्याहून बराच जास्त फरक असतो.

पुढच्या आठवड्यात शाळेत त्यांचा बटाट्याचा प्रयोग झाला. साखरेच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत बटाट्याच्या कांड्या बुडवून ठेवायच्या, आधी आणि नंतर वजन करायचं, टक्क्यांत किती बदल झाला त्याचा आलेख काढायचा. रेघ जिथे शून्याला छेदते तिथे बटाट्यात पाणी ना शिरतं ना बाहेर पडतं. तिची रेघ ०.३ मोलरला छेदत होती, तापमान २२ अंश सेल्सिअस. वॉटर पोटेन्शिअलच्या सूत्रात घालून तिचं उत्तर आलं साधारण उणे अर्धा बार (बार हे दाबाचं एकक). मी नुसतं विचारलं, "तापमान कशात घातलंस?" तिनं कपाळाला हात लावला. केल्विनमध्ये २९५ घातल्यावर आलं उणे ७.३५. ही चूक दरवर्षी निम्मी मुलं तरी माझ्यासमोर करतात, आणि सूत्राचा कागद समोर असतानाच करतात. मग तिनं विचारलं, साखरेऐवजी मीठ घेतलं असतं तर? सूत्रातला 'आय' साखरेसाठी एक असतो, मिठासाठी दोन, कारण विरघळल्यावर मिठाचे सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात. हे तिनं तिच्या पुस्तकात शोधलं. मी सांगितलं नाही.

शिकवणी म्हणजे शाळेत झालेला धडा घरी पुन्हा सांगणं, असं मी आता मानत नाही. पुन्हा ऐकायला व्हिडिओ आहेत, फुकट आहेत आणि माझ्यापेक्षा चांगली चित्रं त्यांत आहेत. माणसानं समोर बसायचं ते एवढ्याचसाठी की पोरानं लिहिलेलं वाक्य वाचून 'कशावरून?' विचारणारं कुणीतरी हवं, आणि विचारून झाल्यावर थांबणारंही हवं.

लिहिणं हा भाग तर सगळ्यांत दुर्लक्षित. बोर्ड मागच्या वर्षांचे एफआरक्यू, त्यांचे गुण कसे दिले आणि मुलांची खरी उत्तरंसुद्धा जाहीर करतं. माझी मुलं फेब्रुवारीपासून दर आठवड्याला एक प्रश्न घड्याळ लावून लिहितात, मग बोर्डाचा कागद घेऊन स्वतःचं उत्तर स्वतःच तपासतात. पहिल्यांदा फार रडारड होते. एका मुलानं पानभर लिहिलं होतं, शून्य गुण. प्रश्नात 'जस्टिफाय' होतं आणि त्यानं पानभर नुसतं वर्णन केलं होतं. 'आयडेंटिफाय' म्हटलं की एका ओळीत सांगून मोकळं व्हायचं. 'डिस्क्राइब' म्हटलं की काय दिसतं ते. 'एक्सप्लेन' म्हटलं की कसं किंवा का घडतं ते. 'जस्टिफाय' म्हटलं की पुरावा दाखवून तो दाव्याशी जोडायचा. हे चार शब्द नीट वाचायला शिकण्यात आमचा अख्खा महिना जातो, आणि त्या महिन्यात एकही युनिट 'पूर्ण' होत नाही. नेमका त्याच महिन्यात पालकांचा फोन येतो, "अजून तिसऱ्याच युनिटवर?"

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, युनिट मोजू नका. संध्याकाळी पोराला एवढंच विचारा की आज काय लिहिलंस, मला वाचून दाखव. तुम्हाला बायॉलॉजी येत नसेल तर आणखी चांगलं. तुम्हाला जिथे कळणार नाही, तिथे बहुतेक वेळा त्याचं कारण अर्धवट राहिलेलं असतं.

आणि एक. 'एपी बायो केलं की डॉक्टरकीचं पक्कं' असं कुणी सांगत असेल तर नीट चौकशी करा. इथे मेडिकल स्कूल चार वर्षांच्या कॉलेजनंतर येतं, आणि बऱ्याच मेडिकल स्कूल्सना बायॉलॉजी कॉलेजमध्येच केलेली लागते, एपीचं क्रेडिट तिथे चालत नाही. 'पाचची गॅरंटी' म्हणून हजारो डॉलर्सची पॅकेजेस विकली जातात, ती पाहून माझ्या पोटात कालवतं. ज्या मुलाला हा विषय आवडत नाही, त्यानं तो घेऊ नये. सकाळी सहाला उठून, रात्री बाराला झोपून, न आवडणारी पाचवी एपी ओढत नेणारी मुलं मी पाहिली आहेत. पंधरा दिवसांत त्यांना सगळं 'नजरेखालून' घालणं म्हणजे त्यांची उरलीसुरली झोप काढून घेणं. त्या तीन नकारांमागे हेच होतं.

काकडीवाल्या मुलीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. परवा रविवारी ती आली तेव्हा तिच्या आजीचा मिरजेहून व्हिडिओ कॉल चालू होता. मी म्हटलं, आजीला सांग कोशिंबिरीला पाणी का सुटतं ते, मराठीत. इंग्रजी शब्द अडखळत, हातवारे करत तिनं सगळं सांगितलं, बिनमिठाच्या वाटीसकट. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, म्हणून तर मीठ वाढायच्या वेळी घालायचं. पण मला सांग, दाण्याचं कूट घातलं की पाणी कमी दिसतं, ते कूट पाणी पितं म्हणून, की काकडीला सुटतच कमी?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "थांब आजी, मला तीन वाट्या लागतील."