सव्वा तासाचा अख्खा दिवस

दोन शहरांमधलं अंतर विचारलं की जे पहिलं उत्तर मिळतं, ते पक्ष्यांच्या सोयीचं असतं. सरळ रेषेत अमुक किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही सरळ रेषाही वाकडीच. लंडन ते न्यूयॉर्क हा साधारण साडेपाच हजार किलोमीटरचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे कमान टाकून जातो, आणि तरी तोच सगळ्यांत जवळचा! हे अंतर ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा, की उड्डाणाची वेळ तयार.

माझं अंतर साडेसहाशे किलोमीटर निघालं. वेळ सव्वा तास.

"म्हणजे पाच तास आधी निघायला हवं," ही म्हणाली.

हिशोबात मी विमान धरलं होतं, हिने विमानतळ. विमानतळाला शहराचं नाव असतं; बाकी त्याचा शहराशी संबंध दूरच्या नातेवाइकाइतकाच. तिथे पोहोचावं तर तपासणीच्या रांगेत पुढचे गृहस्थ खिशातून एकेक नाणं काढतायत. प्रत्येक नाण्यागणिक यंत्राखालून जातात, ते वाजतं, परत येतात. ते सुटले तेव्हा माझं गेट रांगेतलं शेवटचं असल्याचं कळलं. ते नेहमी शेवटचंच असतं. पहिल्या गेटवरून कोण जातं, हे मला आजवर दिसलेलं नाही.

तिकिटावरची वेळ हे आणखी निराळंच प्रकरण. ती हवेतली वेळ नसते. चाकांखालचे अडसर काढून विमान हललं, तिथपासून ते पलीकडे थांबून पुन्हा अडसर लागेपर्यंतची असते. धावपट्टीच्या दिशेने रांगत जाणंही त्यातच. शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपन्या तीत थोडी ढिलाई मुरवून ठेवतात.

वाऱ्याचा भरवसा तर कुणीच देत नाही. ९ फेब्रुवारी २०२० रोजी एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं, कारण पाठीमागून वेगवान वाऱ्याचा झोत लाभला होता. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी तेराशे किलोमीटरच्या वर गेला होता. पाठीमागून येणारा वारा असतो, हे मला अशा बातम्यांतूनच कळतं. आमच्या वैमानिकाने अत्यंत आनंदी आवाजात सांगितलं, की आज वारा समोरून आहे.

खरी गंमत शेवटी. समोरच्या पडद्यावर 'उरलेलं अंतर : ४० किलोमीटर' दिसलं आणि मी बूट घातले. मग ५५ झालं. मग ६०. खाली उतरायला जागा नव्हती, म्हणून आम्ही घिरट्या घालत होतो. खिडकीतून शहर दिसे, मग ढग, मग पुन्हा तेच शहर. ते मला आता बऱ्यापैकी पाठ झालं होतं. शेजारच्या बाईंनी पडद्याकडे बघून काळजीने विचारलं, "परत चाललोय का हो?"

इतकं करून आम्ही वेळेआधीच उतरलो! ती मुरवलेली ढिलाई. अभिनंदनाची घोषणा झाली, सगळे उभे राहिले, बॅगा डोक्यावर घेतल्या, आणि विमान उभं करायला जागा मोकळी नसल्याची दुसरी घोषणा झाली.

एवढ्यात न्यायला आलेल्या भाच्याचा फोन. "मामा, कुठे आहात? विमान कधीच उतरलंय असं दाखवतंय."

"ते उतरलंय रे," मी म्हणालो, "आम्हाला अजून उतरू देत नाहीये."