घोड्यांचे ठिपके नकाशावर का ठेवतोय

तुमचा आक्षेप असा: अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या ट्रिपल ईच्या, म्हणजे ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस या डासांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या नकाशावर आजारी घोड्यांचे ठिपके लावून मी उगाच घबराट पसरवतो, घोड्यापासून माणसाला लागण होत नाही आणि घोडा पडेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिलं बरोबर. घोड्याच्या रक्तात डासाला लागण होण्याइतका विषाणूच नसतो, माणसाचंही तेच. दुसरंही बरंचसं खरं. तरी ठिपके राहणार.

हा विषाणू दलदलीतल्या पक्ष्यांत फिरतो आणि त्याला फिरवणारा क्युलिसेटा मेलॅन्युरा हा डास मुख्यतः पक्ष्यांनाच चावतो. तो पॉझिटिव्ह निघाला, तर दलदलीत विषाणू आहे एवढंच कळतं. घोडा आजारी पडला, तर जनावरांनाही चावणारा डास, बहुधा कॉक्विलेटिडिया पर्टर्बन्ससारखा, विषाणू घेऊन बाहेर पडलाय. तो माणसालाही सोडत नाही. म्हणूनच सापळ्यातले डास गार टेबलावर जातवार निवडावे लागतात. जाती मिसळल्या की हा फरकच पुसला जातो.

निवडलेले डास साधारण पन्नासाच्या गटांनी तपासतात. एकाच जातीचे 40 गट, म्हणजे 2000 डास. 2 गट पॉझिटिव्ह, तर हजार डासांमागे किमान 1 बाधित. ‘किमान’ अशासाठी, की एका गटात बाधित डास एक होता की पाच, ते चाचणी सांगत नाही. आणि सापळ्यात 60 च डास आले असतील, तर ‘निगेटिव्ह’वर विसंबू नये.

माझी चूक मात्र वेगळीच आहे, ती तुमच्या नजरेतून सुटली. ‘एकही घोडा आजारी नाही, म्हणजे तालुका सुरक्षित’ असं मी लिहिलं होतं. घोड्यांना लस आहे, माणसांना नाही. लस टोचलेल्या तबेल्यांच्या भागात घोडे ठणठणीत राहतील आणि माणसं आजारी पडतील. 2019 मध्ये त्या एका राज्यात 12 माणसांना हा आजार झाला, देशभरात 38.

ठिपका लावताना प्रयोगशाळेची तारीख धरत नाही, लक्षणं दिसली ती धरतो. जागाही दवाखान्याची नाही, आधीचे दोन आठवडे घोडा जिथे बांधला होता तिथली. लस न दिलेला घोडा आजारी पडला की बहुतेकदा दोन-तीन दिवसांत मरतो. मग मेंदूचा नमुना लागतो आणि लक्षणं सारखीच असल्यानं रेबीजही तपासावा लागतो. तिथे दिवस जातात, उशीर होतो तो असा.

आणि हा हिशेब आपल्याकडच्या जपानी मेंदूज्वराला जसाच्या तसा लावू नका. तिथे बगळ्यांबरोबर डुक्करही विषाणू वाढवतं.

नकाशात ‘लस दिली होती का’ हा रकाना आजपासून घातलाय.