गोल फिरतंय, फिरतंय...

कोकणकन्येतून कुडाळला उतरलं की दरवेळी तोच तमाशा. मुंबईकर भाचा मोबाइल काढतो, "मामा, थांब, गाडी बुक करतो." कर बाबा! गोल फिरतंय, फिरतंय, शेवटी 'जवळपास गाडी नाही'. अरे, समोर रिक्षांची रांग आहे, ती काय शोभेची? पण मालवणचं भाडं विचारलं की परतीचा रिकामा फेराही आपल्याच माथी. (मुंबईपासून कोकणात रेल्वे आली, मालवणला काही पोचली नाही.) एकदा ॲपवर गाडी मिळालीही! तर ड्रायव्हरचा फोन, "तिथं कॅन्सल करा, रोख द्या, येतो." मग ॲप घेतलंस कशाला मेल्या? शेवटी वाडीतल्या रिक्षावाल्यालाच फोन लावला. म्हणतो, "पेज जेवून येतंय."