ॲट्रॉसिटीच्या केसेस सुटतात, म्हणजे त्या खोट्या असतात का?

२०१६ साली मराठा क्रांती मोर्चांतून ॲट्रॉसिटी कायदा (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा) बदलण्याची मागणी झाली, २०१८ साली सुप्रीम कोर्टाचा गाजलेला निकाल आला, आणि तेव्हापासून एक मेसेज ग्रुपांवर फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. शंभरातल्या पंचाहत्तर केसेस खोट्या असतात. हे सुप्रीम कोर्टच म्हणतं. तक्रार आली की चौकशीशिवाय अटक होते आणि जामीन मिळत नाही. सगळं सरकारी पैशासाठी चालतं. खोटी तक्रार देणाऱ्याचं काही वाकडं होत नाही.

"पंचाहत्तर टक्के खोट्या"

आकड्याला आधार आहे, पण तो आधार वेगळंच सांगतो. २० मार्च २०१८ च्या सुभाष काशिनाथ महाजन निकालात केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या वार्षिक अहवालातली आकडेवारी आली आहे. २०१५ मध्ये देशभरात न्यायालयांनी १५,६३८ केसेस निकाली काढल्या. ४,११९ मध्ये शिक्षा झाली, ११,०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले किंवा दोषमुक्त झाले, ४९५ केसेस मागे घेतल्या गेल्या. मागे घेतलेल्याही सुटलेल्यांत धरल्या तरी बेरीज ७३.७ टक्के होते. हा आकडा पंचाहत्तरच्या आसपासचा आहे, पण मेसेजवाल्यांनी "सुटले" पुसून तिथे "खोट्या" लिहिलं.

निर्दोष सुटका म्हणजे न्यायाधीशाने तक्रार खोटी ठरवली असं होत नाही. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तक्रार खोटी होती असं म्हणायचं तर न्यायालयाला तसा वेगळा निष्कर्ष काढावा लागतो आणि तो निकालपत्रात दिसतो. २०१९ मध्ये देशात बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण २७.८ टक्के होतं. हाच हिशेब तिथे लावला तर उरलेल्या ७२ टक्के बायका खोटं बोलल्या असं म्हणावं लागेल. तसं म्हणणारेही भेटतात, पण निदान त्यांना कुणी अभ्यासक समजत नाही.

गंमत अशी की "खोट्या" केसेसचा आकडा त्याच निकालात दिलेला आहे आणि मेसेज तो गाळतो. २०१६ मध्ये पोलिसांनी तपासाअंती अनुसूचित जातींची ५,३४७ आणि अनुसूचित जमातींची ९१२ प्रकरणं खोटी ठरवली. त्या वर्षी अनुक्रमे ४०,८०१ आणि ६,५६८ गुन्हे नव्याने नोंदले गेले होते. म्हणजे प्रमाण १३-१४ टक्क्यांच्या आसपास. तपासाला आदल्या वर्षीची शिल्लक प्रकरणंही असतात, ती छेदात धरली तर ते आणखी उतरतं.

हे १३ टक्केही जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. महाराष्ट्रात दोषारोपपत्र न पाठवता प्रकरण मिटवायचं असेल तर पोलीस समरी पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही किंवा पुरावा पुरेसा नाही. बी समरी म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. सी समरी म्हणजे गैरसमज किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद. "खोटी" या रकान्यात जातं ते पोलिसांचं मत. फिर्यादीला नोटीस मिळते, तो न्यायालयात प्रोटेस्ट पिटिशन करून समरीला हरकत घेऊ शकतो आणि न्यायालय समरी नाकारून पुढील तपासाचा आदेश देऊ शकतं. गावाबाहेर काढलेल्या शेतमजुराने ही नोटीस वकिलाकडे मुदतीत नेली का, हे मात्र कोणत्याच तक्त्यात येत नाही.

मग केसेस पडतात कुठे?

मेसेजमध्ये हा प्रश्न नाही, पण खरा विषय हाच आहे.

पहिली गळती फिर्यादीतच होते. कलम ३(१)(आर) आणि (एस) खाली अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी झालेली असावी लागते. २०२० च्या हितेश वर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घराच्या चार भिंतींआड, बाहेरचं कुणी हजर नसताना झालेलं बोलणं या कलमात बसत नाही. म्हणून नेमके शब्द, नेमकी जागा आणि कोण कोण हजर होतं, हे तिन्ही पहिल्या फिर्यादीत हवं. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेणारा अंमलदार लिहितो, "आरोपीने जातिवाचक शिवीगाळ करून धमकी दिली." बाकीचा तपशील दोन दिवसांनी पुरवणी जबाबात येतो आणि उलटतपासात बचावाचा वकील "हे मागाहून सुचलं" एवढं म्हणून मोकळा होतो.

दुसरी गळती कागदांची. फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीचा आहे आणि आरोपी नाही, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. फिर्यादीचा जातीचा दाखला बहुधा जोडलेला असतो. आरोपीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत मागवायची राहून जाते. सगळ्या गावाला माहीत असलेली जात न्यायालयात अशी सिद्धच होत नाही.

तिसरी, तपास कुणी केला. या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम ७ प्रमाणे तो पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. पोलीस आयुक्तालयात हे काम सहायक पोलीस आयुक्ताचं. प्रत्यक्षात पंचनामा आणि जबाब फौजदार घेतो, वरिष्ठांची सही नंतर होते. साक्षीदार पिंजऱ्यात सांगतो, "माझा जबाब फौजदारसाहेबांनी घेतला," आणि मुद्दा उघडा पडतो. चुन्नीलाल प्रकरणात २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अनधिकृत अधिकाऱ्याने तपास केला असेल तर ॲट्रॉसिटीचा भाग टिकत नाही, भारतीय दंड संहितेखालचा खटला मात्र चालू शकतो. इथे फिर्यादीचा दोष काय? नियम ७ पाळण्याची जबाबदारी पोलिसांची.

चौथी गळती सगळ्यांत मोठी. साक्षीदार फितूर होतात. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. मेसेजच्या हिशेबात ही केसही "खोटी" ठरते. मुलगा मेला हे तर कुणीच नाकारत नाही.

साक्षीदार फितूर का होतात हे कळायला गावचा पाण्याचा नळ, पिठाची गिरणी आणि मजुरीचा मुकादम कुणाच्या हातात आहे ते पाहावं. फिर्यादीनंतर एक-दोन दिवसांत समोरून क्रॉस केस पडते, चोरीची, विनयभंगाची किंवा थेट दरोड्याची. मग "दोन्हीकडून मागे घेऊ" असा मध्यस्थ उभा राहतो. कलम ३(१)(झेडसी) खाली सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा गुन्हाच आहे. पण "कामाला बोलावलं नाही" याचा पंचनामा करायचा कसा? खटला दोषारोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत संपवावा असं कलम १४ सांगतं. तो वर्षानुवर्षं लांबतो आणि तेवढा काळ साक्षीदार आरोपीच्याच गावात राहतो. २०२२ सालासाठीच्या केंद्राच्या अहवालात १४ राज्यांच्या ४९८ जिल्ह्यांपैकी फक्त १९४ मध्ये विशेष न्यायालयं असल्याची नोंद आहे.

आणखी एक प्रकार आकड्यांत अजिबात दिसत नाही. तिथे गुन्हा सिद्ध होतो आणि ॲट्रॉसिटी तेवढी पडते. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. पण ॲट्रॉसिटीची कलमं लागली नाहीत. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची सक्तमजुरी दिली, तेव्हाही जातीचा मुद्दा मान्य झाला नाही. कारण जुन्या कलम ३(२)(व्ही) प्रमाणे गुन्हा पीडिताच्या जातीच्या कारणावरूनच केला हे दाखवावं लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताची जात आरोपीला माहीत असणं पुरेसं केलं. पाटण जमाल वली निकालात (एप्रिल २०२१) सुप्रीम कोर्टाने हा फरक नोंदवला, आणि तिथेही बलात्काराची जन्मठेप कायम ठेवून ॲट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द केली, कारण घटना दुरुस्तीआधीची होती.

"सुप्रीम कोर्टच म्हणतं"

कायद्याचा गैरवापर होतो असं म्हणालं होतं, मार्च २०१८ मध्ये. अटकेआधी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अशा सूचना दिल्या होत्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने त्या सूचना निष्प्रभ करणारं कलम १८-अ आणलं. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने फेरविचार करून त्या सूचना मागे घेतल्या आणि एक समूह म्हणून दलित-आदिवासी कायद्याचा गैरवापर करतात असं गृहीत धरता येणार नाही हेही सांगितलं. १० फेब्रुवारी २०२० ला कलम १८-अ वैध ठरलं. मेसेज २० मार्च २०१८ च्या पुढे सरकतच नाही.

"तक्रार दिली की अटक, जामीन नाही"

बंदी अटकपूर्व जामिनावर आहे, नियमित जामिनावर नाही. अटकपूर्व जामिनाचं दारही पूर्ण बंद नाही. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ही बंदी घालणारं कलम १८ आड येत नाही, हे कलम १८-अ वैध ठरवणाऱ्या २०२० च्या निकालात आहे आणि ऑगस्ट २०२४ च्या शाजन स्करिया निकालात पुन्हा आलं. कलम १८-अ मध्ये अटकेला परवानगी लागणार नाही असं लिहिलं आहे, तिथेच "आवश्यक असल्यास" असंही लिहिलं आहे. कलम ३(१) च्या गुन्ह्यांना सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नका, हा २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाचा आदेश आहे. अशा केसेसमध्ये हजर राहण्याची नोटीस हाच नेहमीचा मार्ग असायला हवा. एखादा अधिकारी तो पाळत नसेल तर तक्रार त्या अधिकाऱ्याची करावी.

"पैशासाठी"

२०१६ च्या नियमांत पीडिताला मिळणाऱ्या सरकारी मदतीची रक्कम ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. मोठा आकडा खून, सामूहिक बलात्कार अशा गुन्ह्यांसाठी. खुनात अर्धी रक्कम शवविच्छेदनानंतर मिळते. शवविच्छेदन अहवाल गावगप्पांवर बनत नाही. मेसेजचा रोख असतो शिवीगाळीच्या केसेसवर, आणि तिथे एकूण रक्कम १ लाख: २५ टक्के गुन्हा नोंदल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र गेल्यावर, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. खोटी तक्रार दोषारोपपत्रापर्यंत पोचली नाही तर हाती येतात २५ हजार. तेही नियम १२(४) प्रमाणे सात दिवसांत मिळायला हवेत; समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात ज्यांनी हेलपाटे घातले त्यांना या सात दिवसांबद्दल विचारावं.

खोट्या तक्रारीला शिक्षा नाही, हे तर धडधडीत चूक. भारतीय न्याय संहितेची कलमं २१७ आणि २४८ (पूर्वीची १८२ आणि २११) त्यासाठीच आहेत. बी समरी मंजूर झाल्यावर पोलीस ती वापरत नसतील तर ॲट्रॉसिटी कायदा त्यांना अडवत नाही.

गैरवापर होतच नाही असं इथे म्हणायचं नाही. गावच्या दोन सवर्ण गटांच्या भांडणात एकाने आपल्या दलित गड्याला फिर्यादी म्हणून पुढे करायचं, हा प्रकार तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला ठाऊक आहे. पण तिथे कायदा वापरणारा कोण, हेही पाहावं लागतं.

एक आक्षेप मेसेजमध्ये नाही, पण तो सगळ्यांत वजनदार आहे

२०१६ ते २०१९ मध्ये यूएपीएखाली (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली) नोंदलेल्या प्रकरणांच्या तुलनेत शिक्षा जेमतेम २.२ टक्के झाल्या, हे केंद्र सरकारनेच राज्यसभेत सांगितलं. कायदा आणि शिक्षेमागची सत्ता तपासणाऱ्या चिकित्सक गुन्हेशास्त्राचे अभ्यासक यावरून म्हणतात, कायद्याचा गैरवापर होतो. मग ॲट्रॉसिटीत कमी शिक्षा म्हणजे पोलिसांचं अपयश आणि यूएपीएत कमी शिक्षा म्हणजे गैरवापर, हा दुटप्पीपणा नाही का?

नुसत्या टक्क्यांवर बोट ठेवून कुणी तसं म्हणत असेल तर आहे. शिवाय ते दोन आकडे एकमेकांशेजारी मांडताच येत नाहीत: एकात छेद नोंदलेल्या प्रकरणांचा, दुसऱ्यात निकाली निघालेल्या. यूएपीएविरुद्धची खरी बाजू जामीन न मिळता तुरुंगात गेलेल्या वर्षांवर उभी आहे. तिथे फिर्यादी बहुधा सरकारच असतं आणि आरोपी गजाआड असतो. ॲट्रॉसिटीत आरोपी बहुतेकदा जामिनावर बाहेर असतो आणि फिर्यादी त्याच्या शेजारी राहतो. पारडं कुणाकडे झुकलंय ते आधी पाहायचं, मग टक्केवारीला अर्थ येतो.

याच्या पुढचा वाद या विद्याशाखेत जुना आहे. नॉर्वेचे नील्स क्रिस्ती, नेदरलँड्सचे लूक हुल्समन यांच्यासारख्यांना तुरुंग आणि शिक्षा या यंत्रणेवरच विश्वास नव्हता. ब्रिटनमध्ये जॉक यंग आणि जॉन ली यांनी १९८० च्या दशकात उलट बाजू मांडली: गुन्ह्याचा मार गरिबांनाच जास्त बसतो, तो गांभीर्याने घ्या. तुरुंगाबद्दल साशंक असलेल्यांनी दलितांसाठी शिक्षेचं प्रमाण वाढवा असं म्हणावं का? आमच्या मते हा पेच खरा असला तरी शिक्षेच्या टक्क्यावर अडून राहिल्याने तो सुटत नाही. या कायद्यात तुरुंगाबाहेरचंही बरंच आहे: अत्याचारप्रवण भाग आधीच ओळखणं (नियम ३), साक्षीदारांचा प्रवासखर्च, संरक्षण आणि जामिनाच्या सुनावणीची पीडिताला नोटीस (कलम १५-अ), कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा (कलम ४). मेसेज यातल्या कशाबद्दल बोलत नाही, आणि त्याला उत्तर देणारेही फारसे बोलत नाहीत.

ज्यांना आपल्या जिल्ह्याची स्थिती पाहायची आहे त्यांच्यासाठी नियम १७ ची दक्षता व नियंत्रण समिती आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा. माहिती अधिकारात मागच्या चार बैठकांची इतिवृत्तं मागा आणि सोबत या गोष्टी: किती प्रकरणांत दोषारोपपत्र ६० दिवसांत गेलं, ए, बी, सी समरी किती आणि न्यायालयाने त्यांतल्या किती नाकारल्या, किती केसेस नियम ७ च्या त्रुटीवर पडल्या, किती साक्षीदार फितूर झाले, किती साक्षीदारांना प्रवासखर्च मिळाला, कलम ४ खाली किती प्रस्ताव गेले. इतिवृत्त उपलब्ध नाही असं उत्तर आलं, तर बैठक झाली होती का हे पहिल्या अपिलात लेखी विचारा.