प्रत्येक पाण्याचा फोड म्हणजे नागीण नव्हे

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा येतो: ‘अंगावर पाण्याचे फोड म्हणजे नागीणच. लेप लावा. बायोप्सी केली तर फोड पसरतात. शंका असेल तर रक्त तपासा, पुरे.’ यातलं प्रत्येक वाक्य घातक आहे.

‘नागीणच.’ नागीण अंगाच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात उठते. पण शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटल्याने होणारे पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन आजारही असेच फोड आणतात. पेम्फिगसचे फोड दोन्ही बाजूंना येतात आणि साल इतकी पातळ, की कपडा घासला तरी फुटतात. सुरुवात बहुतेकदा तोंडातून होते. ‘तोंड आलंय’ म्हणून महिनोन्महिने बी-कॉम्प्लेक्स चालू असतं आणि साधी आमटीही झोंबते. पेम्फिगॉइड बहुधा साठीनंतरचा: फोड ताठ, टणक, आधी कित्येक आठवडे नुसती खाज. मधुमेहावरच्या व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या गोळ्यांमुळेही तो होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, पाकीट डॉक्टरांना दाखवा.

‘बायोप्सीने पसरतात.’ नाही. या दोन आजारांत फोड येतात ते रक्तातल्या अँटीबॉडी (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) त्वचेचे सांधे सोडवतात म्हणून. बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून घेतलेला साधारण ४ मिलिमीटरचा तुकडा, एखाददुसरा टाका. तुकडे मात्र दोन लागतात. पहिला ताज्या फोडाच्या कडेचा, फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं नेहमीचं रसायन). दुसरा फोडापासून १ सेंटिमीटरच्या आतल्या, वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, मिशेलच्या द्रावणात (अँटीबॉडी जशाच्या तशा टिकवणारं द्रावण). या तुकड्यातल्या अँटीबॉडी लॅबमध्ये चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लॅब २४ तासांत गाठता येत असेल तर सलाईनमध्येही चालतो. सगळा घोळ इथेच होतो. दोन्ही तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले, की दुसरा वाया: प्रथिनं बदलतात, अँटीबॉडी चमकून दिसत नाहीत. तो फोडातूनच घेतला तरी रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. नीट घेतलेल्या तुकड्यात पेम्फिगस मासे धरायच्या जाळ्यासारखा दिसतो, प्रत्येक पेशीभोवती हिरवी चौकट; पेम्फिगॉइडमध्ये वरच्या त्वचेच्या तळाशी एकच सलग रेघ.

‘रक्त पुरे.’ कुठलं रक्त? एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठीची रक्ततपासणी) इथे निदान करत नाही. त्वचेच्या सांध्यांमधल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या तपासण्या उपयोगाच्या: पेम्फिगससाठी डेस्मोग्लीन १ आणि ३, पेम्फिगॉइडसाठी बीपी १८०. पण त्या निगेटिव्ह आल्या म्हणून आजार नाही, असं ठरत नाही.

आणि लेप? सोललेल्या त्वचेवर तो जंतुसंसर्गाला वाट करून देतो. पेम्फिगसचे रुग्ण बऱ्याचदा जंतुसंसर्गानेच दगावतात.

केईएम, सायन, नायर, जे. जे. या चारही रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. ताजा फोड दिसेल त्याच दिवशी, तो न फोडता, काही न लावता जा.