'डोळा' द्राविडी ठरवण्याची घाई

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका मजकुराचे म्हणणे असे: हिंदीत 'आँख', गुजरातीत 'आंख', मराठीत मात्र 'डोळा'. हा शब्द संस्कृत 'अक्षि'पासून आलेला नाही, त्यात 'ळ' आहे, म्हणून तो द्राविडी. आणि इतका रोजचा शब्द द्राविडी, तर मराठीही मुळात द्राविडीच.

'अक्षि'बद्दलचे विधान बरोबर आहे. 'अक्षि'चे प्राकृतात 'अक्खि' झाले, त्यातून 'आँख' आली. 'डोळा' त्या वाटेने आला नाही. पुढचे काहीच टिकत नाही.

'ळ' ही द्राविडी खूण असेल, तर ऋग्वेदाची पहिलीच ऋचा 'अग्निमीळे' अशी कशी सुरू होते? शिवाय दोन स्वरांमधल्या एकेरी 'ल'चा 'ळ' करणे ही मराठीची जुनी रीत आहे. 'गल'चा गळा झाला, 'कपाल'चे कपाळ, 'धूलि'ची धूळ. प्राकृत कोशांत 'डोल' हा शब्द नेत्र या अर्थाने मिळतो; त्याचा 'डोळा' याच नियमाने होतो. गुजरातीतही नेत्रगोलाला 'डोळो' म्हणतात, म्हणजे शब्द एकट्या मराठीचा नाही.

मग द्राविडी भाषांत डोळ्याला काय म्हणतात? कन्नडात कण्णु, तेलुगूत कन्नु, तमिळमध्ये कण्. 'डोळा' यांच्या जवळपासही जात नाही, आणि मजकुरात दुसरा कोणताही द्राविडी शब्द पुरावा म्हणून दिलेला नाही.

'डोळा'सारख्या शब्दांना 'देशी' म्हटले जाते, आणि खरा घोटाळा या 'देशी'पाशी होतो. जैन पंडित हेमचंद्राने 12व्या शतकात 'देशीनाममाला' हा शब्दकोश रचला, तो संस्कृतातून नियमाने साधता न येणाऱ्या शब्दांसाठी. 'देशी' म्हणजे एवढेच. त्यातून शब्दाचे कुळ कळत नाही.

कुळ एका शब्दावर ठरतही नाही. हस्त-हत्थ-हात, कर्ण-कण्ण-कान, जिह्वा-जिब्भा-जीभ, ओष्ठ-ओट्ठ-ओठ: ही सगळी रांग सोडून एकटा डोळा उचलणे हा अभ्यास नव्हे. मराठीवर द्राविडी भाषांचा प्रभाव आहेच, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. अण्णा, अक्का ही हाक तिकडचीच. पण शेजार वेगळा, वंश वेगळा.

अवयवांच्या नावांत द्राविडी धागा शोधायचाच असेल तर 'पोट' घ्यावा. प्राकृतात पोट्ट, तेलुगूत पोट्ट, कन्नडात होट्टे (जुन्या 'प'चा तिथे 'ह' झाला). कोणी कोणाकडून घेतला यावर वाद घालता येईल, कारण इथे ताडून पाहायला दोन्ही बाजूंना शब्द आहेत.